शालेय भूगोलातील वृत्त आणि उपक्रम : एक चिकित्सा

शालेय भूगोलाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तके ह्या दोन विषयांपुरतीच मर्यादित राहिली आहे. परंतु पाठ्यपुस्तकाच्या बाहेर आणि शाळेच्या आत भूगोलविषयक लेखनाचा आणखी एक प्रवाह सतत वाहत असतो. भित्तिपत्रकावर लावलेली वृत्तपत्रांची कात्रणे, विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांतील भौगोलिक वार्तांची सदरे, भूगोल मंडळांचे अहवाल, उपक्रमपुस्तिका आणि प्रकल्पवह्या ह्या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो. हे लेखन क्षुल्लक मानून अभ्यासकांनी त्याकडे दुर्लक्ष केले आहे. वस्तुतः भूगोल म्हणजे काय ह्याविषयीची विद्यार्थ्याची पहिली कल्पना पाठापेक्षा ह्याच लेखनातून घडते, आणि तीच पुढे पदव्युत्तर वर्गापर्यंत त्याच्याबरोबर येते. म्हणून ह्या लेखनाची काही निश्चित निकषांवर चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वृत्ताचा विचार करू. विद्यार्थ्यांसाठी निवडल्या जाणाऱ्या भौगोलिक वार्तांचे स्वरूप पाहिले असता त्यांत विक्रमांचे प्राबल्य दिसते. सर्वांत उंच, सर्वांत लांब, सर्वांत जास्त पाऊस, सर्वांत मोठा भूकंप अशा विशेषणांवाचून वार्ता सहसा पुरी होत नाही. विक्रम लक्षात राहतो हे खरे. परंतु लक्षात राहणे आणि समजणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेल्या अतिवृष्टीचे उदाहरण घ्यावे. सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा पुढे असंख्य प्रश्नमंजुषांत शिरला आणि तेथेच स्थिरावला. पण त्याच चोवीस तासांत सुमारे पंचवीस किलोमीटर दक्षिणेस असलेल्या कुलाबा येथे केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता. भूगोलाचा प्रश्न ह्या दुसऱ्या आकड्यापाशी सुरू होतो. एकाच शहराच्या दोन टोकांस एवढी तफावत का? एका केंद्रावरील मोजमाप किती प्रदेशाचे प्रतिनिधित्व करते? 'मुंबईत एवढा पाऊस पडला' ह्या वाक्यातील 'मुंबई' म्हणजे नेमके कोणते स्थान? पहिला आकडा एकटा आला तर ती केवळ वार्ता राहते. दोन्ही आकडे शेजारी मांडले की तिचा भूगोल होतो. विद्यार्थ्यांसाठीच्या वृत्तलेखनात हा दुसरा आकडा बहुधा नसतो, आणि हाच त्यातील मूलभूत दोष होय.

दुसरे उदाहरण शून्य सावलीच्या दिवसाचे. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे राज्यातील प्रत्येक गावी वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अलीकडे दर मे महिन्यात ह्या घटनेच्या वार्ता उत्साहाने छापल्या जातात. त्यांत दोन गोष्टी सहसा निसटतात. पहिली अशी की, पुण्याची तारीख ही कोल्हापूरची किंवा नागपूरची तारीख नव्हे. सूर्याची क्रांती ज्या दिवशी गावाच्या अक्षांशाएवढी होते तो त्या गावाचा दिवस. राज्याच्या दक्षिण टोकास तो मेच्या आरंभी येतो, तर उत्तर सीमेजवळ महिनाअखेरीस. मोठ्या शहराची तारीख उतरवून घेऊन गावातील मुलांना अंगणात उभे केल्यास सावली काही नाहीशी होत नाही, आणि त्या मुलांचा विश्वास आपल्या डोळ्यांवरून उडतो की छापील मजकुरावरून, हे सांगणे कठीण आहे. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. पहिला शून्य सावली दिवस उन्हाळ्याच्या सुटीत येतो आणि दुसरा भर पावसाळ्यात. शाळा भरते तेव्हा आकाश ढगांनी झाकलेले असते, आणि आकाश निरभ्र असते तेव्हा शाळा बंद असते. ही अडचण म्हणजेच आपल्या हवामानाचा एक धडा आहे. परंतु वार्ता लिहिणाऱ्याने शाळेची दिनदर्शिका डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय तो धडा दिसणार नाही.

आता उपक्रमांकडे वळू. शाळांतील भूगोलविषयक उपक्रमांचे ढोबळमानाने तीन वर्ग पाडता येतील. पहिला वर्ग हस्तकौशल्याचा : रांगोळीतील भारताचा नकाशा, मातीचा ज्वालामुखी, रंगीत कागदाचे पर्वत. दुसरा वर्ग पडताळ्याचा : पुस्तकातील विधान प्रयोगाने दाखवून देणे. तिसरा वर्ग शोधाचा : ज्याचे उत्तर आधी कोणाजवळही तयार नाही असे काही मोजणे, विचारणे किंवा नोंदविणे. पहिल्या दोन वर्गांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. लहान वयात हाताला काम हवे असते आणि पडताळ्याने पाठ पक्का होतो. परंतु उपक्रम हे नाव खऱ्या अर्थाने तिसऱ्या वर्गासच शोभते. ज्याचा निष्कर्ष पुस्तकाहून वेगळा येण्याची शक्यताच नाही, त्या उपक्रमात विद्यार्थी पुस्तकाचीच एक प्रत हाताने तयार करीत असतो.

ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत झालेला बदल स्वागतार्ह आहे. १९६७ साली पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झाल्यापासून भूगोलाची जी पुस्तके निघाली, त्यांपैकी अलीकडच्या पुस्तकांत कृतींना पाठाच्या शेवटी न ढकलता पाठाच्या ओघातच स्थान दिलेले आढळते. २०१७ सालच्या इयत्ता सातवीच्या पुस्तकात ऋतुनिर्मितीचा विषय दोन भागांत विभागला असून, आरंभीच्या भागात विद्यार्थ्यास सावलीचे दीर्घकाळ निरीक्षण करावयास सांगितले आहे. विवेचनाचा दुसरा भाग काही पाठ मध्ये जाऊ देऊन मग येतो. निरीक्षण आधी आणि उपपत्ती मागाहून, हा क्रम शास्त्रीय आहे. २०१८ सालच्या इयत्ता दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, हेही उल्लेखनीय होय. परंतु योजनेचा आत्मा अंमलबजावणीत टिकतोच असे नाही. निरीक्षणाची तयार उत्तरे बाजारातील मार्गदर्शकांत मिळू लागली की सहा महिन्यांची सावली एका संध्याकाळी वहीत उतरते. येथे दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. सर्व वह्यांत एकच उत्तर असावे अशी अपेक्षा ठेवणारी मूल्यमापनाची रीत त्याला तिकडे ढकलीत असते.

ह्या सर्व विवेचनाची कसोटी पाहण्यास भूगोल दिनाइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. महाराष्ट्रात १४ जानेवारी हा दिवस भूगोल दिन म्हणून पाळला जातो. ह्या दिवसाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या प्रा. चं. धुं. देशपांडे ह्यांनी पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल ग्रंथरूपाने मांडला तो १९४८ साली. मंडळांचे अहवाल वाचले तर ह्या दिवशी प्रतिमापूजन, व्याख्यान, प्रश्नमंजुषा आणि आभारप्रदर्शन झाल्याचे कळते. त्या दिवशी त्या गावाविषयी कोणती नवी गोष्ट कळली, हे मात्र अहवालात नसते. शिवाय तो दिवस मकरसंक्रांतीचा असल्यामुळे 'आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू होते' असे वाक्य व्याख्यानांतून सहजपणे येते. त्याच विद्यार्थ्याच्या पुस्तकात उत्तरायणाचा आरंभ २२ डिसेंबरच्या सुमारास दिलेला असतो. दोन्ही विधाने तो शांतपणे पाठ करतो, आणि त्यांतील विसंगती सहसा कोणी चर्चेस घेत नाही.

विसंगतीचा उलगडा अवघड नाही. संक्रांत स्थिर तारकांच्या संदर्भात मोजलेल्या मकर राशीतील सूर्यप्रवेशावर ठरते. अयनदिन सूर्याच्या क्रांतीवर ठरतो. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे ह्या दोहोंत साधारणपणे सत्तर वर्षांत एक दिवस एवढे अंतर पडत जाते. सुमारे सतरा शतकांपूर्वी ते एकाच वेळी येत असत. आज त्यांत तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर आहे. सणाचे महत्त्व ह्याने यत्किंचितही उणावत नाही. उलट ज्या काळी ही सांगड घातली गेली त्या काळचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हेच त्यावरून दिसते.

परंतु हा उलगडा व्याख्यानातून सांगण्यापेक्षा सावलीकडून वदवून घेणे अधिक श्रेयस्कर. पुण्यासारख्या साडेअठरा अक्षांशावरील गावी एक मीटर उंचीचा शंकू सपाट जमिनीत उभा रोवला, तर २२ डिसेंबरच्या मध्यान्ही त्याची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते आणि १४ जानेवारीस सुमारे ८३ सेंटिमीटर. सावलीची कडा एक-दीड सेंटिमीटर पुसट असते, तरी सात सेंटिमीटरांचा फरक साध्या पट्टीवर लपत नाही. सूर्य संक्रांतीच्या कितीतरी आधीच उत्तरेकडे वळला आहे, हे विद्यार्थी स्वतः पाहतो. नेमका अयनदिन मात्र असा थेट सापडत नाही, कारण त्याच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर सावली एक सेंटिमीटरनेही बदलत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या समान सावल्या शोधाव्या लागतात. १४ जानेवारीएवढी सावली २९ नोव्हेंबरच्या सुमारास पडून गेलेली असते, आणि ह्या दोन तारखांचा मध्य २२ डिसेंबरवर येतो. ह्याच ओघात आणखी एक गोष्ट लक्षात येते. सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची असल्यामुळे पुण्याची मध्यान्ह डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात साडेबारानंतर आणि १४ जानेवारीस पाऊण वाजण्याच्या सुमारास होते. 'भरदुपारी बारा वाजता' ही आपली बोली आणि घड्याळ ह्यांतील हे अंतर वर्गात कळते, ते असे.

आणि येथेच वृत्त व उपक्रम ह्यांची गाठ पडते. त्याच २२ डिसेंबरला नागपूरच्या शाळेत ही सावली सुमारे ९९ सेंटिमीटर भरेल, कोल्हापूरच्या शाळेत सुमारे ८४. दोन्ही शाळांनी आपापली मापे एकमेकींस कळविली तर सूर्यकिरणांच्या कोनांतील सुमारे साडेचार अंशांचा फरक मिळतो. नकाशावरून दोन्ही गावांच्या अक्षवृत्तांमधील दक्षिणोत्तर अंतर मोजले की पृथ्वीच्या परिघाचा अंदाज बांधता येतो. सरळ रेषेतले अंतर घेतल्यास उत्तर चुकेल, कारण ही गावे एका रेखावृत्तावर नाहीत. आणि ही चूक शोधून काढणे हाही उपक्रमाचाच भाग आहे. विद्यार्थ्यांसाठी खरे भौगोलिक वृत्त ते हेच : एका गावच्या मुलांनी मोजले, दुसऱ्या गावच्या मुलांना कळविले आणि त्यांना ते उपयोगी पडले.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, मोठ्या पटसंख्येच्या वर्गात आणि परीक्षेच्या दडपणाखाली शिक्षकास ह्यासाठी सवड नाही. आक्षेप वास्तव आहे. परंतु वर सुचविलेल्या उपक्रमास एक काठी, एक ओळंबा, एक पट्टी आणि दर आठवड्यास मध्यान्हीच्या आसपासची काही मिनिटे एवढेच लागते. भूगोल दिनाच्या समारंभास लागणारा वेळ ह्याहून कमी नसतो. दुसरा आक्षेप असा की, मुलांची मापे सदोष असतात. ती असणारच. पण मापातील दोषाचा अंदाज घेणे हेच शास्त्राचे पहिले पाऊल आहे, आणि निर्दोष उतरविलेल्या वहीत ते कधीच पडत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांसाठी भौगोलिक वृत्त वा उपक्रम लिहिणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत असे सुचवावेसे वाटते. हे वाचणारा मुलगा किंवा मुलगी जेथे उभी आहे, त्या स्थळाचा ह्यात काही संबंध आहे काय? तिला मोजता येईल असे ह्यात काही आहे काय? आणि तिचे उत्तर आपल्या उत्तराहून वेगळे आले तर ते ऐकून घेण्याची सोय ह्यात आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आडगावच्या शाळेतील विद्यार्थिनीला जर असे वाटत राहिले की भूगोल म्हणजे दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कोठे मोजून ठेवलेली मापे, तर आपले गाव तिला कधीच ज्ञानाचे स्थान वाटणार नाही. विद्यापीठीय विभागांतून संशोधनासाठी नवे विषय शोधले जातात. शालेय उपक्रमांच्या नोंदी तपासणे, त्यांतील मापे जमविणे आणि त्या मुलांना उत्तर पाठविणे, हे काम त्या विषयांच्या यादीत यावयास हवे. भूगोल मंडळाच्या पुढील अहवालात अध्यक्षांच्या नावाशेजारी त्या दिवशीच्या सावलीची लांबी छापून आली, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.