हात आणि दृष्टी

चित्र काढणे आणि चित्र जाणणे ह्या दोन वेगळ्या विद्या होत, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वास्कोचा मुलगा पणजीच्या कला महाविद्यालयात जावयाचे म्हणतो, तेव्हा ‘हात चांगला आहे ना?’ एवढेच विचारले जाते. बडोदे विद्यापीठाने १९५० साली ललित कला विद्याशाखा स्थापून चित्रशाळेशेजारी कलेच्या इतिहासास स्थान दिले, ते आम्हांस मर्माचे वाटते. गोवा कला महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य लक्ष्मण पै ह्यांनी पॅरिसमध्ये राहून गीतगोविंद चित्रिले, ते केवळ हाताच्या बळावर नव्हे.

गोव्यातील जुन्या देवळांवरील कावीकाम पाहा. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो कोरला की खालची पांढरी रेषा उमटते. गिलावा वाळल्यावर चूक दुरुस्त होत नाही. हे ज्याने स्वतः कोरून पाहिले नाही, त्या इतिहासकारास त्या रेषेचा ठामपणा कळणार नाही. आणि ज्यास तिची परंपरा ठाऊक नाही, तो कारागीर नक्कलच करील. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा भिंतीवर तैलरंग चढू लागला, तर दोन्ही जाणणाराच तो अडवू शकेल. असा पदवीधर घडविणे, हीच विद्यापीठीय कलाशिक्षणाची कसोटी होय.