ठग आणि पेंढारी : एक घोटाळा

मेडोज टेलर यांची अमीर अली ठगाची इंग्रजी कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या मनोवेधकतेची स्तुती करावी तितकी थोडीच. परंतु तिला इतिहासाचे साधन मानण्यास आम्ही तयार नाही. तिचा नायक काही काळ चितू पेंढाऱ्याच्या टोळीत शिरतो, आणि तेवढ्यावरून ठग व पेंढारी एकाच माळेचे मणी होत, असा वाचकांचा ग्रह होतो. वस्तुतः ठग वाटसरूंचे सोबती होऊन, विश्वास संपादून, रुमालाने गळा आवळीत. पेंढारी घोड्यांवरून, हजारांच्या संख्येने, उघडपणे गावे व वाटा लुटीत. शिंदेशाही व होळकरशाही ही त्यांची नावेच त्यांचा लष्कराशी असलेला संबंध सांगतात. कंपनी सरकारनेही हा भेद पाळला. १८१८ साली शरण आलेल्या करीमखानास गोरखपुराकडे जमीन मिळाली. ठगांच्या वाट्यास १८३० नंतर फाशी व काळे पाणी आले. तेव्हा दप्तरांच्या याद्या करणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती एवढीच की, पेंढाऱ्यांचा उल्लेख असलेला कागद ठगांच्या सदरात घालू नये. तसे केल्याने फौजेच्या इतिहासाचा एक दुवा हरवतो, आणि तो कोणतीही कादंबरी परत मिळवून देणार नाही.