गावाचे चरित्र : ब्रिटिश ललितेतर गद्याची एक परंपरा आणि चंदगड

प्रस्तावना

मराठी समीक्षेने इंग्रजी वाङ्मयाचा परिचय प्रामुख्याने काव्य, नाटक आणि कादंबरी यांच्या अनुषंगाने करून घेतला. एखाद्या लहानशा प्रदेशातील निसर्ग, इतिहास आणि समाज यांना एकत्र गुंफणाऱ्या ब्रिटिश ललितेतर गद्याकडे मात्र तिचे लक्ष तुलनेने कमी गेले. प्रस्तुत लेखात गिल्बर्ट व्हाइट, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स आणि रोनाल्ड ब्लाइद यांच्या ग्रंथांचा विचार करून, चंदगडसारख्या सीमावर्ती तालुक्याच्या संदर्भात या परंपरेतून काय स्वीकारावे आणि काय टाळावे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन ग्रंथ, तीन दृष्टी

व्हाइट यांचा 'द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबोर्न' हा ग्रंथ १७८९ चा. हॅम्पशायरमधील आपल्या गावाचे पक्षी, हवामान, माती आणि जुने अवशेष यांचे निरीक्षण त्यांनी पत्ररूपाने मांडले. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन छोटे वटवटे पक्षी त्यांनी आवाजावरून वेगळे ओळखले आणि जमीन सकस राखण्यात गांडुळांचा वाटा किती मोठा आहे, हेही नोंदवले. एका जागी राहून वर्षानुवर्षे पाहणे हीच ज्ञानाची पद्धत होऊ शकते, हे या ग्रंथाने सिद्ध केले. तथापि त्याची मर्यादाही तेथेच आहे. गरिबांच्या घरातील लव्हाळ्याच्या दिव्यांचा खर्च व्हाइट काटेकोर हिशेबाने मांडतात, पण ही माणसे गरीब का, हा प्रश्न विचारत नाहीत. व्हाइट यांच्या निधनानंतर ३७ वर्षांनी, १८३० मध्ये, याच सेलबोर्नमधील गरीबखान्यावर मजुरांनी हल्ला केला. त्या उद्रेकामागील ताण ग्रंथात जवळजवळ उमटलेले नाहीत.

हॉस्किन्स यांच्या 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप' (१९५५) या ग्रंथाने भूदृश्यालाच दस्तऐवजाचा दर्जा दिला. शेतांची कुंपणे, वाकडे रस्ते, ओसाड गावांच्या खुणा यांतून त्यांनी इतिहास वाचला. नैसर्गिक वाटणारी भूमी मानवी श्रमाने आणि कायद्याने घडलेली असते, ही त्यांची मोठी देणगी होय. परंतु विसाव्या शतकातील बदलांत त्यांना केवळ ऱ्हास दिसतो. त्यामुळे ग्रंथाचा शेवट विश्लेषणापेक्षा विलापाकडे अधिक झुकतो.

ब्लाइद यांच्या 'एकेनफील्ड' (१९६९) मध्ये माणसे स्वतः बोलतात. सफोकमधील शेतमजूर, लोहार, परिचारिका, कबर खोदणारा अशा अनेकांची निवेदने येथे आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या शेतमजुराच्या हलाखीचे चित्र इतके थेट आहे की, ग्रामजीवनाविषयीची हळवी कल्पना तेथेच ढासळते. गावाचे नाव काल्पनिक आहे आणि निवेदनांवर लेखकाने संस्कार केले आहेत, हा मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांचा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. बोलणारा कोण आणि लिहिणारा कोण, हा प्रश्न या ग्रंथाने निर्माण केला, परंतु सोडवला नाही.

गॅझेटियर आणि मराठी परंपरा

स्वतःच्या खेड्याकडे जिव्हाळ्याने पाहणाऱ्या याच समाजाच्या राज्यकर्त्यांनी आपल्या प्रदेशाचेही वर्णन केले, पण ते गॅझेटियरच्या रूपाने. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालील मालेतील बेळगावचा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नद्या, पिके, जंगल आणि महसूल यांची माहिती देणाऱ्या या साधनाचे मूल्य आजही कमी झालेले नाही. मात्र त्यात माणूस येतो तो जातीच्या रकान्यात. त्याचा स्वर ऐकू येत नाही. 'एकेनफील्ड' आणि गॅझेटियर यांतील मूलभूत भेद हाच आहे.

मराठीत या परंपरेचे धागे आहेत, पण ते सुटे आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) मध्ये ग्रामव्यवस्थेची कठोर चिकित्सा आहे, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मध्ये माणसे आहेत आणि दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' मध्ये निसर्ग आहे. एकाच भूमीच्या संदर्भात या तिन्ही धाग्यांचा पीळ घालणारे लेखन विरळच आहे.

चंदगडचा संदर्भ

अशा लेखनासाठी चंदगडइतकी अनुकूल भूमी क्वचितच आढळेल. पश्चिमेस सह्याद्रीचे दाट पावसाचे माथे, पूर्वेकडे उतरत जाणारी शेतजमीन, ताम्रपर्णीचे खोरे, पारगडसारखा किल्ला आणि मराठी, कोकणी व कन्नड यांच्या सान्निध्यात घडलेली चंदगडी बोली, हे सारे एकाच तालुक्यात आहे. ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड हे रणजित देसाई यांचे गाव. त्यांच्या 'स्वामी' या कादंबरीने पेशवाई घराघरांत पोहोचवली. परंतु नाचणीच्या उतारावर काजूची बाग कशी आली, तिने स्त्रियांच्या श्रमाचे स्वरूप कसे बदलले, याचा इतिहास कोणत्या ग्रंथात वाचावा? तो ज्यांच्या स्मरणात आहे, ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

समारोप

व्हाइट यांच्याकडून दीर्घ निरीक्षण, हॉस्किन्स यांच्याकडून भूमी वाचण्याची रीत आणि ब्लाइद यांच्याकडून ऐकण्याची तयारी घेता येईल. व्हाइट यांचे मौन, हॉस्किन्स यांचा विलाप आणि ब्लाइद यांची संपादकीय संदिग्धता मात्र टाळली पाहिजे. बोलीतील निवेदन बोलीतच ठेवणे आणि प्रमाण मराठीत केलेला बदल स्पष्ट नोंदवणे, ही त्याची पहिली अट ठरावी. पदवी स्तरावरील पर्यावरणविषयक प्रकल्प बहुधा पाठ्यपुस्तकांतील मजकुराची पुनरावृत्ती करतात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एक ओढा, एक शेत आणि एक वृद्ध व्यक्ती यांची वर्षभर नोंद ठेवली, तर चंदगडच्या चरित्राची साधने महाविद्यालयातच जमा होतील. ग्रंथ पुढे कोणीही लिहील; साधने मात्र आज जमवली नाहीत, तर पुढे मिळणार नाहीत.