अपवादाने नेमकं काय सिद्ध होतं?

'द एक्सेप्शन प्रूव्ज द रूल' हे इंग्रजी वाक्य आपण 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असं मराठीत आणलं आणि ते इतकं मुरलं की परकं वाटतच नाही. अडचण एवढीच, की इंग्रजीत त्याचा जो चुकीचा अर्थ रुळला होता, नेमका तोच आपण उचलला.

यामागचा मुद्दा कायद्यातला आहे. इ.स.पू. ५६ मध्ये रोममध्ये बाल्बसच्या नागरिकत्वावर खटला चालला. बाल्बस गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिझचा, आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत सिसेरो होता. काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यातल्या कुणालाही रोमन नागरिक करू नये' असं कलम होतं. सिसेरो म्हणाला, तिथे मुद्दाम मनाई लिहावी लागली, याचाच अर्थ जिथे ती लिहिलेली नाही तिथे परवानगी आहे. पुढे याचं लॅटिन सूत्र झालं: अपवाद सांगितला, की न वगळलेल्या बाबतींत नियम सिद्ध होतो. 'न वगळलेल्या बाबतींत' हा तुकडा इंग्रजीत येता येता गळून पडला.

'रविवारी पार्किंग मोफत' अशी पाटी घ्या. इतर दिवशी पैसे पडतात हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही, तरी कळतं. हे वाक्य वापरायची जागा ही.

आता आपला वापर बघा. 'मराठीत विज्ञानकथा रुजलीच नाही.' मग नारळीकर? 'ते अपवाद, आणि अपवादानेच नियम सिद्ध होतो.' बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे अशी नावं वाढवत गेलात तरी विधान हलत नाही, उलट प्रत्येक नावागणिक ते जास्तच 'सिद्ध' होतं! (इथे 'प्रूव्ह' म्हणजे 'तपासणं' असा खुलासा काही हुशार लोक करतात. शब्दाला तो अर्थ होता, पण लॅटिन सूत्राचा उरलेला भाग त्यात बसत नाही.) एक टेस्ट फेल झाली, म्हणजे कोड बरोबर आहे, असं कोडिंगमध्ये कुणी म्हटलं तर रिव्ह्यूमध्ये त्याची धडगत नाही. समीक्षेत मात्र खपतं.

आणि ऑफिसातही खपतं. 'मराठी माध्यमातली मुलं इंटरव्ह्यूत अडखळतात, तू अपवाद आहेस,' असं मला कौतुकानेच सांगितलं गेलंय. मी अपवादात गेलो की ते वाक्य जसंच्या तसं शाबूत राहतं, आणि पुढच्या मुलीचा रिझ्युमे उघडताना तेच वापरलं जातं.