डेकवरची जागा

पहाटे कधीतरी आक्का उठली आणि भिंत चाचपू लागली. दिवा लावला तर खालच्या मजल्यावरची खोली जशीच्या तशी: दोन पलंग, एक आरसा, भिंतीवर सोडलेला पडदा. तिनं पडदा बाजूला सारला. मागं भिंतच होती. "दिवस उगवला का न्हाई, काईच कळंना की रे," ती म्हणाली. जन्मभर उगवतीकडं तोंड करून चहा पिणारी बाई ती. आम्ही दोघं चपला घालून लिफ्टनं वर गेलो. उघड्या डेकवर पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती जी उभी राहिली ती नाश्त्याची वेळ टळून गेली तरी हलली नाही. तीन दिवसांच्या त्या सफरीत माझ्या मनात जहाजांविषयी जे काही साठत होतं, त्याला त्या पहाटे तोंड फुटलं.

माझं मुरुड लातूर जिल्ह्यातलं, बार्शी रस्त्यावरचं, जंजिऱ्याजवळचं नव्हे. इथून समुद्र फार लांब. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्याकडून क्रूझला जाणारी माणसं वाढली आहेत. कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झालेली असतात, कुणी गुरुजी निवृत्त झालेले असतात. लातूर-मुंबई गाडीनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. या माणसांना जहाजावरचा जुगार नको असतो आणि नाचगाण्याचंही फारसं पडलेलं नसतं. समुद्र बघायचा म्हणून ती तिकीट काढतात. म्हणून प्रवासी जहाजाचं रूप पारखताना माझा पहिला प्रश्न एवढाच असतो: सगळ्यांत स्वस्त तिकीट काढणाऱ्याच्या वाट्याला समुद्र किती येतो?

या प्रश्नावर जुनी कोकण बोट सहज उत्तीर्ण होते. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडं जाणाऱ्या आगबोटींवर बहुतेक लोक डेकचे. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत शिरायचं, वळकटी पसरून जागा धरायची, ट्रंक उशाला घ्यायची. पुढं अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. लाटेवर पडाव वर आला की शिडी धरायची, नाहीतर पुढच्या लाटेची वाट बघायची. चौगुल्यांच्या आणि नंतर मोगल लाइनच्या 'रोहिणी', 'सरिता', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींची नावं कोकणातली म्हातारी माणसं अजून घरच्या माणसांसारखी घेतात. उलट्या व्हायच्या, मीठ अंगावर चढायचं, पावसात कनातीखाली दाटीवाटीनं बसायचं. आमच्याकडं 'गाडी लागते' म्हणतात, त्यांच्याकडं 'बोट लागते'. पण रात्रभर वर आभाळ आणि बाजूला पाणी, आणि त्याला वेगळे पैसे पडत नसत.

हे रूप कुणी सौंदर्याचा विचार करून घडवलं नव्हतं, स्वस्तात माणसं न्यायची म्हणून ते तसं झालं. त्याची किंमतही लोकांनी जिवानं मोजली. 1927 च्या 11 नोव्हेंबरला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 ला गटारी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडं निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ गेली, तिच्यासोबत सहाशेच्या वर माणसं गेली. लाटांचं पाणी आत आलं, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. तुकाराम, रामदास अशी संतांची नावं दिलेल्या बोटींवर लोकांनी देवळासारखा विश्वास टाकला होता. उघड्या डेकची आठवण काढताना रामदास विसरता येत नाही आणि विसरूही नये. आजच्या मोठ्या जहाजांना प्रत्येक माणसामागं जीवरक्षक बोटीत किंवा तराफ्यात जागा ठेवावी लागते, निघण्यापूर्वी किंवा निघताच सगळ्यांना जमवून कवायत घ्यावी लागते. हा बदल माझ्या लेखी साऱ्या झुंबरांहून मोठा आहे.

विलायतेला जाणाऱ्या जहाजांची गोष्ट निराळी. त्यांची एक खिडकी तरी प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. 8 जुलै 1910 ला मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी 'मोरिया' जहाजाच्या ज्या गोल झरोक्यातून उडी घेतली, ती खिडकी. माणूस अंग चोरूनच बाहेर पडू शकेल एवढी ती लहान का होती? खोल्या जहाजाच्या मुख्य सांगाड्यात, पाण्याच्या पातळीला जवळ असत. मोठं भोक पाडलं तर पोलाद कमजोर होई आणि उधाणाचं पाणी आत घुसे. गोल भोकाला कोपरा नसतो, म्हणून तडा जायला जागा मिळत नाही. आत राहणाऱ्याला उजेड कमी आणि वारा कमी. त्यामुळं हवा खायला सगळे वर, लांबच लांब प्रोमनाड डेकवर यायचे. अर्थात, तिथंही वर्गांच्या सीमा कडक होत्या.

1931 च्या ऑगस्टात गांधीजी 'राजपुताना'नं गोलमेज परिषदेला मुंबईहून निघाले. त्याच वर्षी पी अँड ओ कंपनीनं 'स्ट्रॅथनेव्हर' हे पांढऱ्या रंगाचं जहाज आणलं आणि तिथून काळी, गंभीर जहाजं मागं पडू लागली. 1961 च्या 'कॅनबेरा'नं आणखी एक पाऊल टाकलं: इंजिनं पार मागं नेली, मधला सगळा भाग माणसांना मोकळा केला, जीवरक्षक बोटी खालच्या मजल्यावर खोबणीत बसवल्या. जाण्यायेण्याचं काम विमानानं हिरावून घेतलं तेव्हा जहाजाला कुठं पोचायची घाईच उरली नाही. वेग नको म्हटल्यावर निमुळतेपणाचीही गरज संपली. इथून जहाज उंच होत गेलं, रुंद होत गेलं, चौकोनी होत गेलं. 1984 च्या 'रॉयल प्रिन्सेस'नं मात्र एक चांगला पायंडा घातला होता: तिची प्रत्येक खोली बाहेरच्या बाजूची होती. तो पायंडा सार्वत्रिक झाला असता तर आक्काला भिंत चाचपावी लागली नसती.

मराठी प्रवाशाच्या दृष्टीनं या साऱ्या इतिहासातली सगळ्यांत बोलकी जोडी 1990 ची आहे. त्या एकाच वर्षी दोन जहाजं सेवेत आली आणि तीस वर्षांनी, आयुष्याच्या उतारावर, दोन्ही मुंबईला येऊन पोचली. पहिलं 'क्राउन प्रिन्सेस', इटलीत बांधलेलं, सुमारे सत्तर हजार टनांचं. त्याला रूप दिलं रेंझो पियानो यांनी, म्हणजे पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या वास्तुकारांपैकी एकानं. जहाजाच्या पुढच्या टोकाला त्यांनी डॉल्फिनच्या डोक्यासारखा गुळगुळीत घुमट केला. सारी जहाजं इमारतीसारखी होत असताना एका वास्तुकारानं जहाजाला जलचर करून दाखवलं. 2019 मध्ये हेच जहाज जलेश क्रूझेसचं 'कर्णिका' होऊन मुंबईहून निघू लागलं. वर्षभरातच कोरोना आला, कंपनी थांबली आणि 2020 संपण्याआधी ते डोकं अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला लागलं. जगातल्या एका मोठ्या वास्तुकाराचं काम आपल्या बंदरात उभं होतं. मराठीत त्यावर धड चार ओळी लिहिल्या गेल्या नाहीत, याची मला खंत आहे.

दुसरं 'नॉर्डिक एम्प्रेस', फ्रान्समधल्या सेंट नाझेरचं. आज ते कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' म्हणून 2021 पासून आपल्याकडं आहे. ते मुळातच अमेरिकेतून बहामाच्या तीन-चार दिवसांच्या सफरींसाठी आखलेलं. म्हणून खोल्या लहान, सामान थोडं असणार हे धरून. आणि सगळी ऐसपैस जागा सार्वजनिक. मध्यभागी अनेक मजली उंच चौक, काचेच्या लिफ्ट, मागच्या टोकाला मोठ्या खिडक्यांचं दुमजली जेवणघर. मुंबई-गोव्याच्या दोन-तीन रात्रींना ही आखणी नेमकी बसते, कारण आपली माणसं खोलीत थांबतच नाहीत. शंभर वर्षांच्या वाड्यात जमावं तशी तिथं चौकात जमतात, जिन्यावर बसतात. हा चौक मला मनापासून आवडला. पण त्याच चौकात नव्या रुचीचं बीजही आहे: चौकात उभं राहिलं की नजर आत वळते, समुद्र पाठीमागं राहतो.

ते बीज किती वाढलं ते 'ओअॅसिस ऑफ द सीज'वर दिसतं. 2009 च्या या जहाजाच्या पोटात खरी झाडं असलेली बाग आहे आणि अनेक खोल्यांची बाल्कनी त्या बागेकडं उघडते. भर समुद्रात बाग बघायची. 2024 चं 'आयकॉन ऑफ द सीज' तर 365 मीटर लांब, अडीच लाख टनांच्या घरात, आणि वर घसरगुंड्यांचं जलउद्यान. अभियांत्रिकी म्हणून मला त्याचं अपार कौतुक वाटतं. प्रवासी जहाज म्हणून मात्र ते मला पटत नाही. समुद्र तिथं पैसे मोजून घ्यायची चीज झाला आहे: बाहेरची बाल्कनी महाग, आतली खोली स्वस्त.

जहाजावरच्या गोड्या पाण्याबद्दलही मला थोडं बोलायचं आहे. 2016 च्या एप्रिलात, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाणी घेऊन 'जलदूत' गाडी आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. जुनी अरुंद बार्शी लाईट रेल्वे रुंद होऊन झालेल्या रुळांवरून, मुरुडच्या स्टेशनातून ती जायची. क्रूझवर मी एका खलाशाला विचारलं, एवढं गोडं पाणी आणता कुठून? तो म्हणाला, बरंचसं इथंच करतो. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळतात, वाफ धरतात. काही ठिकाणी दाब देऊन पडद्यातून गाळतात. मला हे सगळ्या सजावटीहून सुंदर वाटलं. आणि हे कुठंच बघायला मिळत नाही. जुन्या लाँचमध्ये इंजिन डोळ्यांसमोर धडधडायचं. आजचं जहाज आपलं काम लपवतं आणि झुंबरं दाखवतं. एक काचेची भिंत पुरेशी होईल. दुष्काळ पाहिलेली पोरं तिच्यासमोरून हलणार नाहीत.

आपल्याकडच्या प्रयत्नांत मला 'आंग्रिया' सगळ्यांत जवळची वाटते. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा सुरू झालेली ती जपानी बनावटीची जुनी फेरी बोट, 131 मीटरची, सुमारे चारशे प्रवाशांची. तिच्यावर डॉर्मिटरीचं तिकीट होतं, आणि तिला सकाळी एका ठिकाणी पोचायचंही होतं. म्हणजे कोकण बोटीचं काम आणि क्रूझची स्वच्छता एकत्र. कोरोनात त्या फेऱ्या थांबल्या. 'एम्प्रेस', 'कर्णिका', 'आंग्रिया' ही तिन्ही दुसऱ्या देशांच्या सवयींसाठी आखलेली. स्वयंपाकघर आपण बदललं, जैन जेवण आलं, गाणी हिंदी झाली. डेक तसाच राहिला. त्यावरच्या खुर्च्या गोऱ्या माणसाला ऊन खाता यावं म्हणून मांडलेल्या. आपल्याला लागते सावली, आणि चार पिढ्यांना गोल करून बसता येईल अशी सपाट जागा. खोल्याही अशा हव्यात की मधलं दार उघडलं की आजीचा आवाज नातवाला ऐकू यावा. माझगाव आणि कोची इथं युद्धनौका बांधणाऱ्या देशाला हे अवघड नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी आक्का खोलीत नव्हती. शोधत वर गेलो. तरणतलावाच्या भोवती आरामखुर्च्या उन्हात रिकाम्या पडल्या होत्या. पलीकडं जीवरक्षक बोटींच्या खाली सावलीची एक अरुंद पट्टी होती. तिथं आक्का लाकडी फळ्यांवर मांडी घालून बसली होती. शेजारी सोलापूरचं एक कुटुंब, नाशिकच्या दोन जावा आणि त्यांची पोरं, मध्ये बुफेतून आणलेले चहाचे कप. कठड्याच्या गजांमधून पाणी दिसत होतं. आक्कानं आपली शाल पसरून बाजूची हातभर जागा धरून ठेवली होती. मला बघून तिनं शाल आवरली.

"ये, बस हितं," ती म्हणाली. "हितून सगळं दिसतंय."