वास हाच मजकूर

मेळघाटात मोहाची फुलं रात्री गळतात आणि पहाटे बायापोरं टोपल्या घेऊन ती वेचतात. झाडावरून कोणी तोडत नाही. अमरावतीजवळच्या भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात काजू येत नाही, पण ही वेचणी ठाऊक असलेल्या वऱ्हाडी माणसाला गोव्यातली काजूची भट्टी परकी वाटणार नाही. तिथंही बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तोडत नाहीत. पिकून आपसूक पडलेला तेवढाच उचलतात, बी पिळून वेगळी करतात आणि बोंडू मळायला नेतात.

या बोंडूच्या रसापासून होणाऱ्या फेणीचा विषय निघाला की बोलणं तिच्या वासावर येतं आणि बरेचजण नाक मुरडतात. माझ्या मते फेणीत वाचण्यासारखं जे आहे ते त्या वासातच आहे.

कच्चा बोंडू खाल्ला की गोडीपाठोपाठ तुरटपणा जीभ आवळतो आणि घसा धरतो. जांभ्या दगडात कोरलेल्या खळग्यात बोंडू पायांनी तुडवतात, तेव्हा निघणाऱ्या रसातही तो असतोच. चोथ्याचा ढीग करून वर जड दगड ठेवला की हळूहळू ठिबकतो तो निरो. तो तसाच थंड प्यायचा. तुडवून निघालेला रस मात्र आंबायला ठेवतात. पारंपरिक भट्टीत त्यात यीस्ट घालत नाहीत. सालीवर आणि हवेत असलेलंच कामाला लागतं, आणि दोन-तीन दिवसांत रस फेसाळतो. मग विस्तव. तुरटपणा वाफ होऊन उडत नाही, तो भांड्यातच राहतो. नळीतून पलीकडे जातो तो फळाचा आणि आंबण्याचा गंध. म्हणजे फेणीत बोंडू आहे, पण घसा धरणारा बोंडू नाही. ही निवड मला फार सुंदर वाटते.

हवेतल्या यीस्टवर भरवसा टाकणारी घराणी युरोपातही आहेत. ब्रुसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेली काँतियों ही बिअरची छोटी भट्टी आजही त्याच कुटुंबाकडे आहे. उकळलेला धान्याचा रस तांब्याच्या उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवायचा, तोही थंडीच्या मोसमातच, आणि पुढं लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचा. एक, दोन आणि तीन वर्षांची बिअर मिसळून त्यांची आंबट ग्यूझ होते. गोव्याकडं इतका वेळ नाही. काजूचा मोसम मार्च ते मे, आणि पावसाची चाहूल लागली की भट्टी थंड.

पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. तो पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी, ४२.८ टक्क्यांची. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मान फेणीला मिळाला, पण माझा जीव हुर्राकावर. फेणीत गंध घट्ट होतो, पहिल्याच घोटाला अंगावर येतो. हुर्राकात तो सुटा राहतो: आधी पिकल्या बोंडूचा, मग किंचित आंबूस, शेवटी थोडा धुरकट. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा घालून पिण्याची रीत चांगलीच आहे, उन्हाळ्यात ती सुखावते. पण मिरचीचा झणका पुढं होतो आणि मधला आंबूसपणा हरवतो. पहिला पेला नुसत्या पाण्यात घ्यावा, आणि एप्रिलमध्येच घ्यावा, कारण हुर्राक फेणीसारखा साठवून टिकत नाही.