घराण्याचे दप्तर आणि भाषेचा पुरावा

यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे लोकनायक माधव श्रीहरी अणे (१८८०–१९६८) यांचे जन्मगाव. त्यांच्या कागदपत्रांचा संग्रह दिल्लीच्या तत्कालीन नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात जतन झाला. १९३० चा जंगल सत्याग्रह, १९४३ चा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा यांच्या अभ्यासकांना तो उपयुक्त आहे. परंतु अशा मुत्सद्द्यांच्या वंशजांकडे उरणारे कागद केवळ राजकारणाच्या काट्यावर तोलावेत काय?

हा प्रघात जुनाच आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. त्यांचे ऋण थोर होय. तथापि निवड मुख्यतः राजकीय पत्रांची झाली. राजवाडे यांनी मात्र सतराव्या-अठराव्या शतकांतील कागद शेजारी मांडून मराठीतील फारसी शब्दांचे प्रमाण कसे घटत गेले, हे मोजून दाखविले. हे साधले, कारण कागदांचा काळ निश्चित होता आणि मूळ शब्द जसेच्या तसे उरले होते.

घरखर्चाची टिपणे, कारकुनांचे मसुदे, लेकीसुनांची पत्रे यांत बोलीची रूपे अधिक मोकळेपणाने उतरतात. रुमालातून एखादेच ‘महत्त्वाचे’ पत्र उपसले, की उरलेल्या कागदांचा लेखक, काळ व संदर्भ हरपतो. म्हणून संशोधकाने वंशजांकडे रुमाल अखंड मागावा, बांधणीचा क्रम नोंदवावा आणि नक्कल करताना शुद्धलेखन सुधारू नये. राजकीय इतिहासाला निवडक कागद कदाचित पुरतील. भाषेच्या इतिहासाला ते पुरणार नाहीत.